नितळची बाई

मंगळसूत्र रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवणारी सून आपल्या घरात आहे, हे सुशीलाबाईंना कळून बारा दिवस झाले होते आणि बारा दिवस त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. बिरादारांच्या घरात गोष्ट पोटात ठेवायची कुणालाच सवय नाही, त्यामुळे हा पराक्रम लहान नव्हता. त्यापायी त्यांचं पित्त खवळलं होतं आणि त्या रोज सकाळी थंड दूध पीत होत्या.

मुद्दाम शोधायला त्या गेल्या नव्हत्या. त्या मंगळवारी दुपारी चारुलता माहेराहून, म्हणजे हैदराबादेतल्याच गौलीगुड्याहून, परत आली आणि तोंड धुवायला मोरीत गेली. दारात कोथिंबीरवाली उभी होती. घरात सुटे पैसे नव्हते, म्हणून सुशीलाबाईंनी सुनेची पर्स उघडली. आत रुमाल होता. रुमालात मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि पैंजण. लग्नाच्या वेळी त्यांनी स्वतः सोनारापुढं चार तास बसून करून घेतलेलं मंगळसूत्र. त्यांनी कोथिंबीरवालीला दहाची नोट दिली आणि उरलेले पैसे घ्यायला विसरल्या. दहा मिनिटांनी चारुलता चहा घेऊन आली तेव्हा मंगळसूत्र गळ्यात होतं, पाटल्या हातात होत्या आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. तीन महिन्यांपासून सुनेच्या हातात काचेच्या बांगड्या नव्हत्या, सैल पाटल्या होत्या. चटकन निघतील अशा. तिनं ताक सोडलं होतं, लोणचं सोडलं होतं. तेव्हा सुशीलाबाईंना वाटलं होतं की आता गोड बातमी येणार. चार वर्षं वाट बघून झालेली. त्यांनी मनातल्या मनात दिवससुद्धा मोजायला घेतले होते. पण बातमी काही येईना, आणि सून मात्र ज्येष्ठमधाची काडी गालात धरून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईचे गुडघे चेपायला जातच होती. जाताना बांगड्या काढाव्या लागतील असे हे कसले गुडघे, हे सुशीलाबाईंना समजत नव्हतं.

आणि आज, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, प्रतापराव न कळवता आले.

प्रतापराव म्हणजे सुशीलाबाईंच्या नवऱ्याचे, हिम्मतरावांचे, धाकटे भाऊ. गौलीगुड्यात त्यांचं पंपसेटचं दुकान. रविवारी येताना ते कधीही रिकाम्या हातानं येत नसत, उस्मानिया बिस्किटांचा पुडा तरी असायचाच. आज पुडा नव्हता. बरोबर बायको, पद्मावती, होती आणि ती खाली मान घालून सरळ स्वयंपाकघरात गेली.

दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. हिम्मतराव शेतकी खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी हिमायतनगरच्या केबलवाल्याशी सहा महिने भांडून इमारतीत मराठी चॅनल आणलं होतं. केबलवाला म्हणायचा, अंकल, एका घरासाठी कोण लावणार? हिम्मतराव त्याच्या ऑफिसात जाऊन पेपर वाचत बसायचे. शेवटी तो कंटाळला. तेव्हापासून ते चॅनल त्यांचंच होतं, आणि त्यातही गेल्या दोन महिन्यांत त्यांचा जीव जडला होता तो मालिकेवर नव्हे, मालिकेच्या मध्ये लागणाऱ्या एका जाहिरातीवर. नितळ धुलाई पावडर. नवरा बढती मिळवून घरी येतो. दारात बायको, त्याचा शर्ट पांढराफेक. आणि मग एक आवाज, स्वच्छ, हसरा: "ते जिंकून येतात. माझं जिंकणं त्यातच आलं."

"याला म्हणतात घरातली बाई," हिम्मतराव दर वेळी म्हणत. "पुण्याकडची असेल. बोलणं बघा."

बेचाळीस वर्षं सुशीलाबाईंनी या माणसाचे शर्ट धुतले होते, त्यातली तीस वर्षं हातानं. त्यावर त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण आता हिम्मतरावांना शर्ट हसून दिलेला हवा होता. एकदा सुशीलाबाईंनी खरंच हसून दिला, तर त्यांनी विचारलं, दात दुखतो का? प्रतापरावांचं वेगळंच. मुलासाठी, उदयसाठी, मुली बघणं चालू होतं. निजामाबादच्या मुलीनं उदयला पगार विचारला. प्रतापरावांनी मध्यस्थाला निरोप पाठवला की आम्हाला नितळच्या बाईसारखी पाहिजे, आल्याआल्या चौकशी करणारी नको.

"दादा, आवाज बारीक करा जरा," प्रतापराव म्हणाले. "हर्षवर्धन घरात हाय का? त्याला बी बोलवा. सुनेला नंतर."

आत पद्मावती चारुलताच्या कानाशी लागली होती. "हे बघ, तुझ्या काकांनी तुला नामपल्लीत बघितलंय. मंगळवारी. काही बी असो, तू एकदम रडायला लाग. रडलं की हे लोक परेशान होतात, मग मी सांभाळून घेते."

"रडू कशाला काकू?" चारुलतानं कपात चहा ओतला. चहा दोन कपांत कमी आणि एकात काठोकाठ पडला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा खोलीत पाहुणे बसल्यासारखे सगळे ताठ बसले होते. हर्षवर्धन खिडकीपाशी होता. बँकेत लोकांच्या सह्या जुळवणारा हा माणूस घरात कुणाच्या नजरेला नजर देत नसे. त्याचाही एक संशय होता आणि तो त्यानं कुणाला सांगितला नव्हता. पंधरा दिवसांत दोनदा त्यानं न्हाणीघराच्या बंद दारातून बायकोचा आवाज ऐकला होता. हळू, लाडिक, कुणाशी तरी बोलावं तसा. दोन्ही वेळा तो दाराबाहेर उभा राहिला आणि दोन्ही वेळा दार न वाजवता परत गेला.

"मंगळवारी कुठं गेलतीस, बाई?" हिम्मतरावांनी विचारलं.

"गौलीगुड्याला. आईकडं."

"माझं दुकान गौलीगुड्यातच हाय, बेटा," प्रतापराव म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता आणि म्हणूनच वाईट होता. "परवा तुझ्या आईला दुकानावरून जाताना बघितलं. चांगल्या टणाटण चालत होत्या. म्हणल्या, पोरगी महिना झाला फिरकली नाही. मग नामपल्लीत, त्या इराणी हॉटेलाच्या बाजूच्या जिन्यानं वर कोण जायलतं? आणि वर दार उघडून धरणारा, हसणारा तो बाबा कोण?"

चारुलतानं ट्रे त्यांच्यापुढं धरला.

"सांग की. चुकून बघितलं असंल मी. चष्मा बदलायला झालाय माझा."

"मीच होते, काका."

पद्मावती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं चारुलताकडं बघून डोळ्यांनीच खूण केली, की आता रड. चारुलतानं तिकडं लक्षच दिलं नाही. हिम्मतरावांनी मुलाकडं बघितलं. मुलानं खिडकीबाहेर बघितलं.

ती तशीच ट्रे धरून उभी राहिली असती, तर कदाचित सुशीलाबाईंनी अजून थोडे दिवस काढले असते. पण त्या उभं राहण्यात शरम नव्हती, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. बारा दिवसांचं पित्त एकदम वर आलं.

"आणि मंगळसूत्र काढून रुमालात बांधतीस, ते कुणासाठी?"

हिम्मतरावांनी कप खाली ठेवला. पद्मावती चौकटीपासून सरकून नवऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. हर्षवर्धननं पहिल्यांदाच बायकोकडं बघितलं, आधी गळ्याकडं आणि मग तोंडाकडं.

"आई, तू बघितलंस?"

"या डोळ्यांनी. पाटल्या, पैंजण, सगळं. बारा दिवस झाले."

आणि नेमकी तेव्हाच मालिका थांबून जाहिराती सुरू झाल्या. पांढरा शर्ट घातलेला नवरा दारात आला. असल्या वेळीसुद्धा हिम्मतरावांचा हात सवयीनं टीव्हीच्या बटणाकडं गेला आणि आवाज वाढला. ते जिंकून येतात, असं बाई म्हणाली.

"मामंजी, ही मी आहे," चारुलता म्हणाली.

"कोण?"

"ही बोलते ती."

प्रतापराव हसले. "ही गोरी हाय, बेटा. आणि उंच."

"तोंड तिचं. तिला मी कधी बघितलं बी नाही. आवाज माझा हाय."

"काही तरी बोलू नको," हिम्मतराव म्हणाले. "ती पुण्याची आहे. कोणी बी सांगेल."

चारुलतानं ट्रे टीपॉयवर ठेवला. ती सरळ उभी राहिली, ओठ ताणून उगाचच हसली, आणि ते वाक्य म्हणाली. दोन्ही ओळी. तेच स्वच्छ उच्चार, तीच लाडिक उतरण, तोच शेवटी किंचित थांबलेला श्वास. खोलीतल्या पाचही माणसांनी आधी टीव्हीकडं बघितलं. तिथं टायरची जाहिरात लागली होती.

मग तिनं सगळं सांगितलं, आणि आपल्या भाषेत सांगितलं. पावडरचा कारखाना शहराबाहेरच आहे, माल मात्र खपवायचाय नांदेड, परभणी, लातूरला, म्हणून मराठी जाहिरात इथंच, नामपल्लीतल्या त्या आवाज भरायच्या खोलीत होते. मराठी बोलणारी बाई पाहिजे म्हणून ते लोक तिच्या मराठी शाळेत चौकशी करत आले होते. शाळेतल्या जुन्या बाईंनी हिचं नाव दिलं. ही लहानपणी कविता म्हणायची. पहिल्या दिवशी तिच्या तोंडातलं हैदराबाद काढून टाकण्यातच अख्खी दुपार गेली. ती जाहिरात लागल्यावरही दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या जाहिरातींची तालीम असायची. न्हाणीघरात ती त्याचाच सराव करायची. गळा बसू नये म्हणून ताक बंद, लोणचं बंद.

"आणि हसावं लागतं. समोर कोणी नसलं तरी. ओठ ताणले की ऐकणाऱ्याला कळतं म्हणे, बाई खुश हाय."

"मंगळसूत्राचं बोल," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचा संशय एवढ्यानं फिटणार नव्हता.

"तिथं गादीसारख्या भिंती असतात, आत्याबाई. पोटात गुरगुरलं तरी मशीनला ऐकू जातं. काचेच्या बांगड्या तर खणखणतातच, पण मंगळसूत्राचे मणी बी वाजतात. पहिल्या दिवशी सात वेळा परत बोलावं लागलं. मग तो म्हणला, बाई, हे सगळं काढून ठेवा. त्या मंगळवारी रिक्षात घालायचं राहिलं."

सुशीलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे ती बाई नवऱ्याचे गुण गाती, ते मंगळसूत्र काढून?"

"हौ. घालून म्हणलं तर खरखर येते."

"तो म्हणला म्हणजे कोण म्हणला?" प्रतापरावांनी धागा सोडला नव्हता. "तो हसणारा?"

"प्रमोद. जाहिरात लिहिणारा. पंचवीसेक वर्षांचा हाय."

"लग्न?"

"नाही. लॉजवर राहतो. कपडे धोब्याला देतो."

सुशीलाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता, हे कळायला घरातल्यांना वेळ लागला. धोब्याला कपडे देणाऱ्या एका पोरानं बायकांचं जिंकणं कशात आलं ते लिहिलं होतं, आणि त्यावरून त्यांच्या नवऱ्यानं दोन महिने त्यांची परीक्षा घेतली होती. त्यांना राग आला आणि बरंही वाटलं.

हर्षवर्धनला मात्र काहीच बरं वाटलं नाही. बायको कुणाकडं जात नव्हती, हे कळल्यावर छाती हलकी व्हायला हवी होती. पण दोन महिने तो या खुर्चीत बसून रोज तो आवाज ऐकत होता. एकदा तर वडिलांच्या सुरात सूर मिसळून तोही म्हणाला होता, काय गोड बोलते. बायको तेव्हा शेजारी वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नव्हती. आता त्याला त्या वाटाण्यांची लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही नक्को म्हणले नसते. तुम्ही म्हणले असते, बाबांना विचारू."

हे इतकं खरं होतं की त्याला राग येऊनही उपयोग नव्हता.

हिम्मतरावांची पंचाईत झाली होती. ज्या बाईला त्यांनी घरातल्या दोन्ही बायकांच्या डोक्यावर बसवलं होतं, ती त्यांच्याच घरात चहा करत होती, आणि वर खोटं बोलून घराबाहेर पडत होती. एक तर बाई खोटी म्हणायची, नाही तर आपण. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी खाकरून मांडी बदलली आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलायला लागला.

"म्हणजे आपल्याच घरातली निघाली म्हणा की. तरी मी म्हणत होतो, संस्कार लपत नाहीत."

"दादा," प्रतापराव म्हणाले, "खोटं बोलून जायलती ती."

"थांब रे. पुढचं काम कधी आहे, बाई?"

"उद्या. अकरा वाजता. नवीन जाहिरात हाय. चांगली झाली तर वर्षभर मलाच देणार म्हणले. नाही गेले तर पुण्याहून दुसरी येईल."

"मग जा. माझी ना नाही. हर्षवर्धन सोडेल आणि घेऊन येईल. जाहिरात घरातलीच पाहिजे, भलतीसलती नको. आणि गौलीगुड्यात बोभाटा नको." हिम्मतराव मागं रेलले. "आता ते वाक्य एकदा म्हण बघू. मगाशी घाईत झालं. नीट, माझ्याकडं बघून. तसंच हसून."

चारुलताला ते कठीण नव्हतं. प्रमोदसाठी तिनं ते सव्वीस वेळा म्हटलं होतं. एवढं म्हटलं की उद्याचा दिवस तिचा होता, आणि कदाचित पुढचं वर्षही. तिनं ओठ ताणलेसुद्धा. समोर सासरे वाट बघत होते, डोळे अर्धे मिटून, आणि तिला एकदम कळलं की हे आज एकदाच मागितलं जाणार नाही. उद्या चहाबरोबर मागितलं जाईल. पाहुणे आले की मागितलं जाईल. आणि रोज म्हणता म्हणता एक दिवस तिला ते खरंच वाटायला लागेल. तिनं ओठ मिटले.

"नाही मामंजी. ते कामावरचं हाय. घरात नक्को."

"काय?"

"घरात मी माझंच बोलते."

हिम्मतरावांचा चेहरा उतरला. प्रतापरावांनी भावाकडं असं बघितलं की बघा, मी काय म्हणत होतो.

"मग काम बी नको," हिम्मतराव म्हणाले. "उद्या घरी राहायचं."

"चारू, म्हणून टाक ना," हर्षवर्धन हळूच म्हणाला. "एका वाक्यानं काय होतंय?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. सासऱ्यांचा हुकूम लागला नव्हता तेवढं तिला हे वाक्य लागलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पद्मावतीला वाटलं, आता कुठं रडली. पण ते पद्मावतीला हवं होतं तसलं रडणं नव्हतं.

"दोन महिने ऐकून तुम्हाला तो आवाज ओळखू आला नाही," चारुलता म्हणाली. "तुम्ही नका बोलू."

हिम्मतराव बायकोकडं वळले. बेचाळीस वर्षांत जिथं जिथं त्यांचं कुणापुढं चाललं नाही, तिथं त्यांनी हेच केलं होतं.

"अगं, तू तरी सांग हिला."

सुशीलाबाईंना सून आवडत होती असं नाही. अजूनही त्यांना वाटत होतं की आपल्याला फसवलं. गोड बातमीचं तर दुःख होतंच. पण नवऱ्याचं ते अर्धे डोळे मिटून बसणं त्यांनी बघितलं होतं.

"कोणत्या आवाजात सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या बाईच्या, का माझ्या? माझा तुम्हाला कधी ऐकू येतो?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "उद्या सकाळचा स्वयंपाक मी लवकर उरकते. हिला अकराला पोचायचंय."

प्रतापराव जाताना दारात म्हणाले की आज आवाज विकला, उद्या तोंड दाखवेल, लिहून ठेवा. त्यांचा संशय काही गेला नव्हता आणि तो जाणारही नव्हता. पद्मावती चपला घालायला मुद्दाम मागं राहिली. नवरा दोन पायऱ्या खाली उतरल्यावर तिनं चारुलताला विचारलं, "तिथं म्हाताऱ्या बायकांचा आवाज बी लागतो का गं कधी?"

सोमवारी सकाळी हर्षवर्धन रोजच्यासारखा बँकेत गेला. निघण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "सोडू का तुला?" चारुलता म्हणाली, "बस हाय की." त्यानं डबा उचलला आणि तो गेला.

सव्वादहाला ती तयार होऊन बाहेर आली. हिम्मतराव आरामखुर्चीत पेपर उघडून बसले होते. कालपासून ते तिच्याशी आणि बायकोशीही बोलले नव्हते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"मामंजी, नामपल्लीला जाते. कामाला."

पेपर हलला नाही. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, कडी काढली.

"किती वाजता येशील?" मागून प्रश्न आला.

"काम संपलं की."

हे उत्तर त्या घरात इतकी वर्षं फक्त पुरुषांनी दिलं होतं, आणि त्यावर पुढं काही विचारायची कुणाला पद्धत नव्हती. हिम्मतराव पेपर तसाच धरून बसले. त्यांनाही पुढचा प्रश्न सुचला नाही.